काचेच्या टाकीतली भूक

माझा दादा ती गोष्ट अजूनही पाहुण्यांना सांगतो, आणि दर वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्याची बाजू सगळ्या बडोद्याने ऐकली आहे. आता माझी ऐका.

महाराजांच्या राज्याची ती अखेरची वर्षं. दादा कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. तिथले एक प्रोफेसर रजेवर विलायतेला निघाले आणि जाताना त्यांचा पाळलेला अ‍ॅक्सोलॉटल आमच्याकडे सांभाळायला देऊन गेले. वीतभर लांबीचा, पांढुरका, चार पायांचा, जन्मभर पाण्यातच राहणारा प्राणी. मानेशी दोन्हीकडे लाल पिसांसारखे कल्ले, आणि तोंड असं की सदा हसतोय. काचेची टाकी बाहेरच्या खोलीत ठेवली. वाळ्याचे पडदे लावलेली, घरातली तेवढीच एक गार खोली होती.

त्याला खायला लागत गांडुळं. घर आमचं सोवळ्याओवळ्याचं. आईने बजावलं, त्या किड्यांना जो हात लावील त्याने अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. दादा सकाळीच कॉलेजात जाई. मग गांडुळं धुऊन, चिमट्यात धरून त्या महाशयांना भरवायचं कोणी? वहिनीने. भरवलं की अंघोळ, मग चूल. संध्याकाळी टाकीतलं पाणी बदललं की पुन्हा अंघोळ. हौस दादाची, आणि ओलेती फिरायची ती.

वैशाखात त्या प्राण्याने खाणं टाकलं. थंड पाण्यातला जीव, बडोद्याच्या उन्हाळ्यात कसा तगणार. आधी गांडूळ तोंडाशी नेलं तरी मान फिरवी. मग तळाशी नुसता पडून राहू लागला, कल्ल्यांचा रंग उतरला. घरावर सुतकी कळा आली. पानावर बसल्याबसल्या वडील विचारत, "आज काही घेतलं का त्याने?" दादा सांगे, "अर्धं घेतलं आणि टाकून दिलं." शेजारची काकी दारातूनच "केम छे तमारो महेमान?" म्हणून चौकशी करी. स्टेशनकडून भुशात गुंडाळून बर्फ येई. तो फोडून टाकीभोवती लावायचा, तेही काम वहिनीचंच.

त्याच वैशाखात वहिनीनेही खाणं टाकलं. हे मला ठाऊक होतं, कारण आमच्याकडे आधी पुरुषांची पंगत, मग आई, आणि शेवटी आम्ही दोघी, स्वयंपाकघरात भिंतीला टेकून. ती काय जेवते हे बघायला तिथे दुसरं होतंच कोण? आधी फोडणीच्या वासाने मळमळतं म्हणाली. मग नुसता भात चिवडून ताट गाईच्या बादलीत रिकामं करू लागली. बादली उचलताना भिंत धरायला लागली. एका दुपारी परसात उजेडात तिचे डोळे पाहिले, तर पिवळे जर्द.

आईला सांगितलं. "उन्हाळ्यात सगळ्यांचंच असं होतं," आई म्हणाली. दादाला सांगितलं. तो टाकीत थर्मामीटर बुडवून बसला होता. मान वर न करता म्हणाला, "तिला म्हणावं, लिंबाचं सरबत घे." पादरा गावी तिच्या माहेरी कळवू या म्हटलं, तर वडील म्हणाले, उगाच त्यांच्या जिवाला घोर कशाला. आणि हेच वडील चारचौघांत सांगत, आमचं राज्य साऱ्या हिंदुस्थानात पुढारलेलं. मुलगी शाळेत आली नाही तर बापाला दंड होई. सून पानावर बसली की नाही, हे मात्र कोणी विचारत नव्हतं.

पुढच्या रविवारी दादाचे मित्र टाकीभोवती उकिडवे बसले होते. तो गांडूळ घेतो की नाही, याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले. माझं डोकंच फिरलं. मी आत जाऊन ताट वाढलं, वहिनीला दंडाला धरून बाहेर आणलं. ती नको नको म्हणत पदर सावरत होती. टाकीशेजारी पाट मांडून मी तिला बसवलं.

"आता हिच्याकडे बघा," मी म्हणाले. "हीसुद्धा खात नाही. हिचाही रंग उतरलाय. पण हिला काचेत ठेवलेली नाही, म्हणून कोणाला दिसत नाही."

वडील उठून आले. "परक्या पुरुषांपुढे सून जेवायला बसवतेस? काही लाज?"

"नाही लाज. तिने तुमच्या डोळ्यांदेखत एक घास खाऊ दे, मग जाते आत."

बिचारीने माझी अब्रू राखायला घास उचलला, तोंडात घातला, आणि तिथेच पाटावर भडभडून ओकली. नुसतं हिरवट पाणी. पोटात दुसरं काही नव्हतंच. एक मित्र डॉक्टर आणायला धावला. दादा हातात चिमटा घेऊन तसाच उभा राहिला.

कावीळ होती, चांगलीच अंगात मुरलेली. "इतके दिवस काय करत होतात?" डॉक्टरांनी विचारलं. तिला गार खोलीत निजवा म्हणाले. मी टाकी ओसरीवर हलवायला लावली. बर्फ वहिनीच्या कपाळावर गेला. तो मुका जीव लवकरच मेला. मला वाईट वाटलं, त्याचा काय दोष. वहिनी पार मरणाच्या दारातून परत आली, आषाढात उठून बसायला लागली.

आता दादाचे केस पिकलेत. परवा पाहुण्यांपुढे पुन्हा तेच पुराण लावलं होतं. त्याची भूक कशी कमी होत गेली, तो हलेनासा कसा झाला, कल्ले आधी गुलाबी झाले मग राखाडी, सगळं जसंच्या तसं पाठ. मला राहवेना. म्हटलं, "दादा, आणि त्या उन्हाळ्यात वहिनीला काय झालं होतं?"

त्याला आठवेना. मग पाहुण्यांना वाढायला आलेल्या वहिनीकडे वळून त्याने तिलाच विचारलं, "काय झालं होतं गं तुला?"