उशीतले बारा शब्द
पुण्यात नोकरीला असताना मी एका क्रिप्टो नाण्याचे करार, म्हणजे अटी आपोआप पाळणारे प्रोग्राम, लिहायचे. त्या नाण्याच्या मूळ ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक खातेवहीत, कुणी कुणाला किती दिलं एवढीच नोंद व्हायची. अटी पाळायची अक्कल तिला नव्हती. म्हणून नाणी तिथं अडकवून ठेवायची आणि करार दुसऱ्या, वेगळ्या ब्लॉकचेनवर चालवायचे. एकदा चालू झालेला करार कुणाच्या बापाचं ऐकत नाही, अशी फुशारकी मी ओतूरजवळच्या आमच्या गावी मारली. माझ्या बापानं ती लगेच उचलली.

आमच्या विहिरीचे चार हिस्सेदार, त्यात वडील आणि चुलताही, आणि पाण्याच्या पाळीवरून कायम भांडणं. मी मोटारीच्या स्टार्टरला करार जोडला. चौघांनी अनामत म्हणून नाणी अडकवली. ज्याची पाळी त्यानं मोबाईलवरून सही करायची, मगच मोटार सुरू. सही नाही आली तर त्याचं पाणी उरलेल्या तिघांचं. नियम बदलायचा तर चौघांच्या सह्या. स्वतःला लई शहाणी समजत होते मी.

चुलत्याच्या घरी मोबाईल चुलती बघायची. मोबाईल गेला तर सही परत मिळवायचे बारा शब्द मी तिला कागदावर लिहून घ्यायला लावले. बजावलं, कुणाला दाखवू नकोस, चुलत्यालासुद्धा नाही. तिनं ऐकलं. कागद स्वतःच्या उशीत शिवून टाकला.

कांदा नुकताच लावला होता आणि चुलती गेली. रीतीप्रमाणं तिचं अंथरूण, उशी सगळं नदीला सोडलं. मोबाईल चुलतीच्या लेकीनं आतलं सगळं पुसून टाकून वापरायला घेतला. उशी शिवताना तिनं आईला पाहिलं होतं, पण ते आठवलं दहाव्यानंतर, मोटार सुरू होईना तेव्हा.

चुलता आमच्या ओट्यावर येऊन बसला. नाणी गेली तर जाऊ द्या, पाणी तेवढं सोडा म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "पोरी, तुला म्हाईत असतील ना ते शब्द?"

मला माहीत नव्हते. ती लिहीत होती तेव्हा मी मुद्दाम पाठ फिरवून उभी होते.

स्टार्टरची वायर सोडवून करार बाजूला करायला पाच मिनिटं लागली असती. मी वडिलांकडं पाहिलं.

"सही न्हाई, पानी न्हाई," वडील म्हणाले. "समद्यांनी कबूल केलं व्हतं."

सख्ख्या भावाला असं म्हणाले. आणि मीही वायरीला हात लावला नाही, कारण माझा करार मोडला तर माझं नाव जाईल, असली नालायक काळजी मला पडली होती.

तरी दर चौथ्या दिवशी चुलता विहिरीवर यायचा, बटण दाबून बघायचा आणि माघारी जायचा. शेवटी त्यानं वाळलेल्या कांद्यात मेंढरं सोडली. त्याच्या पाण्यावर आमचा कांदा लई चांगला आला. वडिलांनी त्यातली एक गोणी त्याच्याकडं पाठवली, ती मीच घेऊन गेले.

चुलत्यानं गोणी उतरवून घेतली. हात झटकले आणि शांतपणे विचारलं, "सही कुठं करू?"