टायपिंगबाईंची पायरी

टाइपरायटर विकून बारा वर्षं झाली तरी टायपिंगबाईंचं नाव काही सुटलं नाही. जिन्याखालच्या खोलीत त्या पूर्वी टायपिंगचा क्लास चालवायच्या. यंत्र बिघडलं की दुरुस्त करणारा माणूस चार-चार दिवस तोंड दाखवायचा नाही. शेवटी एका दुपारी बाईंनी बाह्या सरसावल्या आणि स्वतःच स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. पुढे यंत्रं गेली, कॉम्प्युटर आले, त्याच खोलीत दुरुस्तीचं दुकान झालं, स्क्रूड्रायव्हर तेवढा हातात राहिला.

गल्लीत त्यांचा एक नियम प्रसिद्ध होता. कॉम्प्युटर पुसून कोरा करायचा असेल तर मालकाने समोर येऊन बसायचं आणि कुठली वस्तू कुठे ठेवली आहे ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. वकील असो की हेडमास्तर, सूट नाही. सुरुवातीच्या दिवसांत त्यांनी एका शिक्षिकेच्या नवऱ्याच्या शब्दावर डिस्क पुसली होती, आणि तिने दोन वर्षं बसून तयार केलेले धडे त्याबरोबर गेले. ती शिक्षिका समोरून आली की बाई अजूनही रस्ता ओलांडतात.

त्या दिवशी तीनच्या सुमाराला चावीवाल्या आजोबांची सून सीपीयू कडेवर घेऊन आली. आजोबा पाणीपुरवठ्यात चौतीस वर्षं चावीवाले होते. पुरुषभर उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून पहाटे निघायचे आणि गल्लोगल्लीचे व्हॉल्व्ह उघडत-मिटत जायचे. निवृत्त झाल्यावर नातवाचा जुना कॉम्प्युटर त्यांच्याकडे आला, तेव्हापासून ते त्याच्यासमोर बसून असत. घरच्यांचा समज, पत्ते खेळतात.

पण आदल्या आठवड्यात कळलं की ते पत्ते नव्हते. गल्लीतली गळकी पाइपलाइन बदलायची ठरली होती. त्यासाठी आधी पाणी बंद करणारा मोठा व्हॉल्व्ह सापडायला हवा. पाणीपुरवठा ऑफिसच्या नकाशात तो चौकाच्या मधोमध होता. आजोबा म्हणाले, तो तिथे नाहीच. तरुण इंजिनियरने नम्रपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, मापांसकट नकाशा असेल तर घेऊन या, नाहीतर सोमवारी नऊला आम्ही चौक खणतो. आजोबांकडे नकाशा होता. आठवणीतून काढलेला, चार वर्षं खपून, कॉम्प्युटरवर. आज रविवार होता. आणि सकाळी अपडेट चालू असताना वीज गेली, ती परत आली, कॉम्प्युटर काही परत आला नाही.

बाईंनी सीपीयू जोडून पाहिला. काळा पडदा, वर एक पांढरी रेघ, पुढे नन्नाचा पाढा. दोनदा दुरुस्तीचा प्रयत्न केला, व्यर्थ. सिस्टीम नव्याने घालावी लागणार, म्हणजे आधी डिस्क पुसावी लागणार. बाईंनी स्वतःच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं आणि आत दिसली ती सगळी फोल्डरं उपसून बाहेरच्या डिस्कवर घेतली. विजेची बिलं निघाली, नातवंडांचे सहाशे फोटो निघाले, गुडघेदुखीवरचे अकरा लेख निघाले. नकाशा एकही निघाला नाही.

सुनेचा चेहरा उतरला. ती म्हणाली, बाबांना वाटलं असेल साठवलाय, आणि राहून गेला असेल. त्यांना काय सांगायचं ते मी सांगते, तुम्ही पुसा.

बाई म्हणाल्या, मालक समोर बसल्याशिवाय नाही. सुनेने आजोबांच्या गुडघ्यांचं कारण काढलं, बाईंनी दुकानातली एकुलती एक गादीची खुर्ची पुढे ओढली.

आजोबा काठी टेकत, दर दहा पावलांवर थांबत आले. पायरी चढताना तिच्याकडे एकदा वाकून पाहिलं आणि खुर्चीत बसले. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"नकाशे ना? टोपलीत," आजोबा म्हणाले. "स्क्रीनच्या कोपऱ्यात असते ती."

बाईंनी माउसवरचा हात हळूच उचलून मांडीवर ठेवला.

"बाबा," सून म्हणाली, "तो कचऱ्याचा डबा आहे."

"कचऱ्याचा डबा असा डोळ्यांसमोर कोण ठेवतं?" आजोबांना राग आला. मग त्यांनी समजावून सांगितलं. त्यांच्या ऑफिसात टेबलाशेजारी अशीच टोपली असायची. नकाशे गुंडाळून तिच्यात उभे ठेवायचे, कारण घडी घातली की कागद घडीवर फाटतो. लागेल तेव्हा काढायचा, काम झालं की परत टोपलीत. कॉम्प्युटरवर टोपली पाहिल्यावर त्यांना फार बरं वाटलं होतं. ही सोय ज्याने केली तो नक्की पाणीपुरवठ्यातलाच असणार.

"चार वर्षांत ती कधी रिकामी नाही केलीत?" बाईंनी विचारलं.

"नकाशे होते ना तिच्यात. रिकामी कशाला करू?"

बाईंनी टोपलीचं लपलेलं फोल्डर उघडलं, त्यात सत्त्याऐंशी फायली निघाल्या. पण टोपलीत गेलेल्या फायलीचं नाव कॉम्प्युटर बदलून टाकतो, त्यामुळे प्रत्येकीवर नुसती अर्थहीन अक्षरं. बाई एकेक उघडू लागल्या आणि आजोबा लग्नाचा अल्बम पाहावा तसे पाहू लागले. हा दवाखान्यामागचा, याची चावी उलटी फिरते. हा शाळेपुढचा, यात बेडूक असतात. सून आधी घड्याळ पाहत होती, मग स्टूल ओढून जवळ सरकली. बेडकांचं तिने दोनदा विचारलं.

त्रेपन्नाव्या फायलीला आजोबांची काठी खाली आपटली. हाच.

गल्ली होती, विजेचा खांब होता, खांबापासून फुटांची मापं होती, आणि शेवटी एक लाल गोल. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"काका, हे माझं दुकान आहे."

"दुकान नाही, पायरी. बरोबर तिच्याखाली. गवंड्याला मी तेव्हाच सांगितलं होतं. म्हणाला, बाईंना चढायला बरी पडेल."

पायरी चांगल्या काळ्या दगडाची होती. क्लासच्या पहिल्या वर्षी बाईंनी हौसेने बसवून घेतलेली. क्षणभर त्यांच्या मनात आलं की ही एक फाइल सापडली नसती तर काय बिघडलं असतं. मग त्यांनी नकाशाच्या दोन प्रती छापल्या, सगळी टोपली दोन ठिकाणी उतरवून ठेवली, आणि डिस्क पुसली.

नवी सिस्टीम चढायला पाऊण तास लागला. आजोबा टक्केवारीकडे टाकी भरताना पाहावं तसे पाहत होते. एक्क्याण्णववर आकडा अडकला तेव्हा म्हणाले, हवा धरली असेल, सोडा थोडं. शेवटी पडदा उजळला आणि त्यांनी आधी कोपरा पाहिला. टोपली होती.

सून काही बोलायच्या आत बाईंनी ती टोपली पडद्यावरून काढून टाकली. त्याच जागी एक साधं फोल्डर केलं, त्याला वेताच्या टोपलीचं चित्र लावलं आणि खाली नाव दिलं, नकाशे. सत्त्याऐंशी फायली तिच्यात गेल्या. "ही नवीन. मोठी आहे," त्या म्हणाल्या. आजोबांना पसंत पडली.

सोमवारी नऊला इंजिनियरने नकाशा उलटसुलट करून पाहिला, खांबापासून टेप धरला आणि तो येऊन थांबला टायपिंगबाईंच्या दारात. परवानगी मागताना तो चाचरत होता. बाईंनी दुकानातूनच हात हलवला आणि पहिला घाव पडला तेव्हा पाठ फिरवली. अडीच फुटांवर लोखंडी झाकण लागलं. आजोबांनी चावी धरली, दोन मजुरांनी जोर लावला, आणि गल्लीतल्या गळक्या जागेचं सात महिन्यांचं डबकं वाढायचं थांबलं.

इंजिनियरने काठी धरून उभ्या असलेल्या आजोबांना वाकून विचारलं, बाकीच्या गल्ल्यांचेही नकाशे असतील का.

"टोपलीभर आहेत," आजोबा म्हणाले.

ते ऑफिसातल्या मोठ्या मशीनवर चढवायला हवेत, पण आमचं मशीनच गेले आठ दिवस चालू होत नाही, इंजिनियर म्हणाला. बाई खड्ड्यावर टाकलेल्या फळीवर येऊन उभ्या राहिल्या. घेऊन या, त्या म्हणाल्या, पण तुमच्या साहेबांना समोर येऊन बसावं लागेल. आणि फळीवरून जपून, येताना पायरी नाही.