गाळणीतली राख

बाई गेल्याचा फोन मला मडावींनी केला. आरमोरीच्या आमच्या शाळेत प्रार्थनेसाठी मुलं रांगेत उभी राहत होती. मडावी पूर्वी अँब्युलन्स चालवायचे, आता अहेरीकडे दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर आहेत. त्या सकाळी चंद्रपूरला काही कामानं आले होते, म्हणून बाईला भेटायला गेले. दार नुसतं लोटलेलं होतं... "सर, बाई उठून नाई राह्यल्या," एवढंच ते बोलले. मेंदूत रक्तस्राव झाला होता, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. सुजाता माझी थोरली बहीण. घरात आम्ही तिला बाईच म्हणायचो, पुढे वर्कशॉपातली माणसंही तेच म्हणू लागली.

मेकॅनिकलला शिकणारी ती आमच्या वस्तीतली पहिली मुलगी. अँब्युलन्स चालवणाऱ्या एका ठेकेदार कंपनीत ती अहेरीच्या वर्कशॉपची इंजिनीअर होती. मी सुट्टीत तिच्याकडे गेलो की जेवतानाही गाड्यांचंच बोलणं असायचं. नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये धुराची गाळणी असते. तिच्यात काजळी साचते, आणि ठरावीक साचली की गाडी आपणच ती जाळून टाकते. एका गाडीची गाळणी मात्र वारंवार भरत होती. जाळून झाल्यावरही तिच्यातला दाब उतरत नव्हता. सगळे म्हणाले, जंगलातले रस्ते, गाडी हळू चालते, डिझेलही धड नसतं, असं होणारच. बाईनं त्याच रस्त्यांवर, त्याच पंपाचं डिझेल घेऊन चालणारी दुसरी गाडी तपासून पाहिली. तिची गाळणी ठणठणीत होती.

"चुलीतलं लाकूड जळते, राख जळते का?" ताटातला भात कालवता कालवता ती मला म्हणाली. "काजळी जळून जाते. पण इंजिन तेल पिऊन राह्यलं, तर त्या तेलाची राख गाळणीत बसते. ते काही केल्या जळत नाई."

"पण तेल कमी झालं तर पट्टीवर दिसंल ना?" मी विचारलं.

तेच तिलाही कोडं होतं. इंजिनातलं तेल मोजायची पट्टी दर वेळी बरोबर पातळी दाखवायची. शेवटी तिनं ती गाडी चालवणाऱ्या मडावींना, ओरडून नाही, शेजारी बसवून विचारलं. तेल कमी दिसलं की ऑफिस ड्रायव्हरवर चोरीचा आळ घ्यायचं, म्हणून ते स्वतःच बाजारातून आणून गुपचूप भरत होते. "बाई, चोर म्हणवून घ्यापेक्षा ते बरं," मडावी म्हणाले होते. मडावींवर ती कधीच रागावली नाही. गाडी बंद ठेवा, इंजिन उघडा, नाहीतर ते रस्त्यातच जाम होईल, असं तिनं मॅनेजरला स्पष्ट सांगितलं.

पण गाडी उभी राहिली की कंपनीला दंड बसायचा. मॅनेजरनं ती नागपूरला पाठवली आणि इंजिन उघडण्याऐवजी गाळणीच पोकळ करून आणली. गाडीच्या कॉम्प्युटरमध्येही असा बदल केला, की गाळणी भरल्याचा इशारा देणारा दिवा पुन्हा लागूच नये. परत आल्यावर तो म्हणाला, "पाहा मॅडम, तक्रार संपली." ही गाडी मी रस्त्यावर सोडणार नाही, असं बाई म्हणाली. त्या आठवड्यातच तिची बदली चंद्रपूरच्या स्टोअरला झाली. एक इंजिनीअर, आणि तिला टायर मोजायला बसवलं.

पावसाळ्यात ती गाडी अहेरीकडे येताना जंगलात बंद पडली. आत बाळंतपणासाठी आणलेली एक मुलगी होती, सोबत तिची सासू. इंजिन एकदम ठोके देऊ लागलं आणि जाम झालं, असं मडावी सांगतात. मोबाईलला रेंज नव्हती. एका ट्रकला हात दाखवून त्यांनी दोघींना त्यात चढवलं. मुलगी वाचली. बाळ वाचलं नाही.

चौकशीत ठपका मडावींवर आला, ड्रायव्हरनं तेल तपासलं नाही म्हणून. बाई स्वतःहून चौकशीला गेली. तिनं गाळणीची सगळी हकिगत सांगितली. साहेबांनी ऐकून घेतलं, चहा पाजला... आणि निकाल तोच राहिला. मडावींची नोकरी गेली. पाठोपाठ तिचीही गेली. शिस्त मोडली, असं कारण दिलं. त्यानंतर ती त्या मुलीच्या गावी जाऊन आली. तिथं काय बोलणं झालं, हे तिनं कधीच सांगितलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "तिनं मले पाणी देल्लं. तेवढंच सांगता येते."

शेवटची वर्षं तिनं चंद्रपुरात एका खासगी संस्थेत शिकवण्यात काढली. डोकं दुखायचं तिचं, रक्तदाबाच्या गोळ्या ती विसरायची. मी रागावलो की हसायची.

बाई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तो मॅनेजर आला होता. पांढरा शर्ट घालून, मोठा हार घेऊन. त्रिसरण-पंचशील झाल्यावर त्यानं माइक मागितला. "सुजाता मॅडम आमच्या परिवाराचा आधार होत्या," तो म्हणाला. मागच्या खुर्चीवरून मडावी उठले आणि मंडपाबाहेर गेले. मीही उठून त्यांच्या मागे गेलो. आमच्या घरच्या कार्यक्रमात मी असं करायला नको होतं, असं काही नातेवाईक अजून म्हणतात. म्हणू देत.

एक गोष्ट मात्र तिची म्हणून माझ्यापाशी राहिली आहे. उभी, थंड झालेली डिझेल गाडी दिसली की बाई सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून बघायची. गाळणी शाबूत असली, तर बोट जवळजवळ स्वच्छ निघतं. आता मीही ते करतो. परवा वडसाच्या दवाखान्यासमोर एक नवी अँब्युलन्स उभी होती. मी वाकून बोट फिरवलं. ते काळं झालं.

"काय पाहून राह्यले भाऊ?" ड्रायव्हरनं विचारलं. पोरसवदा होता, चेहरा हसरा.

मी त्याला काळं बोट दाखवलं. "ह्या गाडीतली गाळणी काढली काय रे?"

त्याचं हसू गेलं. आजूबाजूला बघून तो हळूच म्हणाला, "मले काऊन विचारता? ऑफिसात विचारा ना."

तेवढ्यात दवाखान्याच्या दारातून स्ट्रेचर आलं. तो धावत मागचं दार उघडायला गेला.