जिजीची शेळी

अख्ख्या सुरतेत माझ्या साडूइतका संशयी माणूस दुसरा नाही. असलाच कुठे, भेस्तानला किंवा कोसाडला लपून बसलेला, तर साडूला त्याचा संशय आधीच आलेला असेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. आम्ही दोघे एकाच घरचे जावई, लिंबायतच्या एकाच गल्लीत समोरासमोर राहतो. तीस-बत्तीस वर्षं झाली, तरी सकाळी मी राम राम घातला की तो आधी माझ्या मागे कोण उभं आहे ते बघतो आणि मग उत्तर देतो. मी जरा हसून राम राम घातला तर उत्तरही देत नाही. घरात जाऊन विचार करत बसतो, हा हसला का.

तसं त्याचं पोटच त्यावर चालायचं. आम्ही दोघेही खानदेशातून लूमच्या कामाला आलो. मी लूम चालवायचो आणि तो विणलेलं कापड तपासायचा. मी तिसरीपर्यंत शिकलोय, तीसुद्धा दोनदा, आणि लोकांना सांगतो की मला ती आवडली म्हणून परत केली. तो सातवी पास. काचेच्या टेबलाखाली दिवा लावलेला असायचा, वरून शंभर मीटरचा तागा सरकत जायचा आणि कुठे एक तार तुटलेली असली तरी याचं बोट बरोबर तिथे पडायचं. माझा तागा तर तो चिठ्ठी न बघता ओळखायचा. सगळ्यांदेखत म्हणायचा, "हा आपल्या पाव्हण्याचा. यात कापड कमी अन् भोकं जास्त." मला वाईट वाटायचं नाही. शेटही तेच म्हणायचा.

मग नोकरी सुटली, पण ती नजर काही सुटली नाही. कापड संपलं तसं त्यानं सरकार टेबलावर घेतलं. रस्ता खणला की विचारतो, कशाला खणला. बुजवला की विचारतो, आत काय पुरलं. गल्लीच्या तोंडाशी खांबावर कॅमेरा लागला तेव्हा हा तीन दिवस भर उन्हाळ्यात छत्री तोंडासमोर धरून जायचा. चौथ्या दिवशी मीच त्याला दाखवलं की कॅमेऱ्याला वायरच जोडलेली नाही. मला वाटलं, आता छत्री मिटेल. तो म्हणाला, "वायर नसताना लावला, म्हणजे हा दाखवायचा. खरा दुसरीकडे आहे." तेव्हापासून छत्री दोन्ही बाजूंनी फिरवत जातो, आणि मीही त्या कोपऱ्यावर उगाच केस नीट करतो.

फोनवर तर त्याचा काडीचा विश्वास नाही. राजकारणाचं काही बोलायचं असलं की फोन पिठाच्या डब्यात ठेवून वर झाकण लावतो. एकदा मी फोन केला आणि पीठ वाजायला लागलं. शेजारची म्हातारी तिथे बसली होती, ती उठून चप्पल न घालताच गेली. गुडघ्याचं दुखणं बोललं की फोनवर गुडघ्याच्या तेलाच्या जाहिराती येतात असं त्याच्या लक्षात आलं. मग त्यानं परीक्षा घ्यायची ठरवलं. आठ दिवस रोज सकाळी फोनसमोर बसून मोठ्यानं सांगायचा की मला हत्ती विकत घ्यायचाय. हत्तीची जाहिरात आली नाही. मी म्हटलं, "बघा दादा, ऐकत नाहीत." तो म्हणाला, "ऐकतात. पण आपण परीक्षा घेतोय, हे त्यांना समजलं."

निवडणूक आली की मात्र त्याला नवं रक्त चढतं. पुढाऱ्यांचं त्याचं सोपं गणित आहे. पुढारी आमच्या भागात येऊन मराठी बोलायला लागला म्हणजे मतदान पंधरा दिवसांवर आलं, आणि अहिराणी बोलला म्हणजे त्याची सीट धोक्यात आहे. एकानं तर मागच्या वेळी व्यासपीठावरून आमच्या गावाकडच्या जेवणाची आठवण काढली. साडू माझ्या कानात म्हणाला, "हा पडतोय." पडला नाही. दणकून निवडून आला. त्याचाही साडूला संशय आहे.

मतदानाच्या दिवशी तो बूथवर एजंट म्हणून बसतो. पक्ष कुठलाही चालतो, जो आधी बोलवेल तो. सगळेच बोलवतात, कारण गल्लीतलं कोण जिवंत आणि कोण मेलेलं हे यादीपेक्षा त्याला जास्त ठाऊक. मयताला तो चुकून कधी चुकत नाही. मला आधी वाटायचं मन मोठं आहे, मग कळलं की मनातल्या यादीत खूण करायला येतो. पक्षवाले खमण पाठवतात, त्याला हा हात लावत नाही. डबा घरचा, पाण्याची बाटलीही घरची. दिवसभर पेन कानावर खोचून बसतो आणि कोणी दुसऱ्याच्या नावावर आला की उठून शांतपणे सांगतो, "हे गेलेत. मी खांदा दिलाय." समोरचा पोरगा चिठ्ठी टाकून पळतो.

एकदा त्यानं मलाच अडवलं. त्या वर्षी मी पहिल्यांदा मिशी काढली होती, बायको म्हणाली होती तरुण दिसाल म्हणून. साडू उठून बूथवरच्या साहेबांना म्हणाला की माझ्या साडूला मिशी आहे, हा कोणी दुसरा आहे. मी म्हटलं, दादा, मीच आहे. तो म्हणाला, साडूचा आवाजही काढतोय. अर्धा तास भिंतीला उभा होतो. शेवटी बायकोला बोलावलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि होय म्हणायला इतका वेळ लावला की साहेबांनी परत कागद काढले.

या माणसाला हसायची हिंमत एकाच बाईत होती, ती म्हणजे त्याची बायको. आम्ही सगळे तिला जिजी म्हणायचो. फोन डब्यात गेला की ती म्हणायची, आज भाकरीबरोबर बातम्याही भाजून निघतील. दर निवडणुकीला साडू तिला आदल्या दिवशी चिन्ह सांगायचा आणि मत देऊन आली की विचारायचा, कोणाला दिलं. ती म्हणायची, "तुम्ही सांगितलं तेच." झालं, चौकशी सुरू. बटण वरून कितवं होतं? ती म्हणायची, होतं मधे कुठेतरी. हा तिच्या बोटावरची शाई उजेडात धरून बघायचा, जसं काही शाईतून दिसणार आहे. एका वर्षी त्यानं सांगितलेल्या माणसाला आमच्या बूथवर इतकी कमी मतं पडली, की चार दिवस हा जिजीकडे डोळे बारीक करून बघत होता. ती मेथी निवडत होती. निवडता निवडता हसत होती.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी जिजीच्या छातीत दुखलं आणि संध्याकाळच्या आत सगळं संपलं.

साडूनं मयताचा दाखला काढला, त्यातलं तिचं नाव तीनदा वाचलं, कारकुनाला दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्याच आठवड्यात रेशनच्या कार्डातून नाव कमी करून आला. म्हणाला, मेलेल्याच्या नावाचा तांदूळ घरात नको. पेटीतल्या तिच्या साड्या माझ्या बायकोकडे दिल्या. मग दाखला पत्र्याच्या डब्यात गेला आणि साडू गल्लीत दिसेनासा झाला. समोर नवा खांब उभा राहिला तरी त्यानं विचारलं नाही, कशाला.

अशात मतदार यादी नव्यानं तपासायचं निघालं. शाळेतल्या एक बेन, म्हणजे गुजराती बाई, घरोघरी फॉर्म वाटत फिरू लागल्या, ज्याचं त्याचं नाव आणि फोटो आधीच छापलेला. आमच्या गल्लीत आधी बातमी पोचली आणि मग घबराट. गुजराती शाळेत शिकलेली पोरं फोनवर वाचून दाखवायची आणि प्रत्येक जण वेगळंच वाचायचा. मी माझा फॉर्म उलटा धरून सही केली, बेननी नवा दिला. साडूच्या दारात त्यांनी दोन फॉर्म ठेवले. एक त्याचा. एक जिजीचा.

त्यानं स्वतःचा भरून दिला. जिजीचा घडी करून खिशात ठेवला. बेननी विचारलं, मासी क्यां छे, तर म्हणाला, गावाला गेलीय. मग दुपारी माझ्याकडे आला, माझ्या मागे बघितलं आणि म्हणाला, "तुला विचारलं तर हेच सांग. अन् जास्त बोलू नको."

आता जास्त न बोलणं मला येत असतं तर मी तिसरीतून एकाच वेळी पास झालो असतो. दोन दिवसांनी बेन माझ्याकडे आल्या. मी म्हटलं, माहेरी गेलीय. मासी क्यारे आवशे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आता कशी येणार, तिची शेळी व्यालीय. दोन करडं आहेत. ती चरायला लागली की येईल. बेननी वहीत काहीतरी लिहिलं. शेळी लिहिली की काय, मला वाचता आलं नाही. त्या गेल्यावर पडद्यामागून बायको आली. मला वाटलं, भांडेल. ती एवढंच म्हणाली, "जन्मभर कामच केलं माझ्या बहिणीनं. मेल्यावर तरी बसू द्यायचं होतं तिला."

बेन परत आल्या तेव्हा साडू त्याच्या दाराआड उभा होता, मला त्याचे पाय दिसत होते. बेननी आधी शेळीचीच चौकशी केली. बाईनं इतक्या मायेनं विचारल्यावर मी थांबतो काय? मी म्हटलं, झकास आहे. जिजीचे गुडघेही तिकडच्या हवेनं मोकळे झालेत, सकाळी नदीपर्यंत चालत जाते, रविवारी फोन आला होता, विचारत होती की पीठ नीट चाळून घेतात ना, त्यात फोन असतो. बेन हसल्या. म्हणाल्या, उद्या शेवटचा दिवस आहे. मासींना येता येत नसेल तर काकांनी तिच्या वतीनं सही केली तरी चालेल, नाव राहील. नाही दिलं तर नाव जाईल.

म्हणजे एका सहीचं काम होतं. मी आनंदानं समोर सांगायला गेलो. साडू फॉर्म पुढ्यात घेऊन बसला होता. जिजीचा फोटो त्यावर एवढासा, काळपट, ती त्यातही हसू दाबून बसलेली. मी म्हटलं, दादा, करून टाका सही. कोण बघतंय.

"तेच तर," साडू म्हणाला. "नाव राहिलं म्हणजे मत राहिलं. चारच्या सुमाराला गर्दी ओसरली की कोणीतरी बाई तिची चिठ्ठी घेऊन येईल. डोक्यावर पदर असेल. भलतंच बटण दाबून जाईल. अन् मी तिथे बसलेला असेन." पेन त्यानं कानावर खोचलं, परत काढलं. "मग मला उठून म्हणावं लागेल ना भो, ही गेली म्हणून. सगळ्यांसमोर."

मी फॉर्मची घडी करून त्याच्या खिशात ठेवली आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दाखल्याचा डबा काखेत घेऊन शाळेत गेला. मीही मागे गेलो. बेननी दाखला वाचला, तारीख वाचली, आणि मग माझ्याकडे बघितलं. मी वर पंख्याकडे बघत होतो. तो बंद होता, तरी मी त्याची पाती मोजली. बेन साडूला म्हणाल्या, बेसो काका, आणि त्यांच्या बाटलीतलं पाणी दिलं. साडूनं वास न घेता प्यायलं.

परत येऊन आम्ही त्याच्या ओट्यावर बसलो. मी शिव्यांची वाट बघत होतो. तो म्हणाला, "करडं चरायला लागली का?"

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. टिंगल करत नव्हता. मी म्हटलं, लागली.

"दूध किती देते?"

"लीटरभर, दादा."

"मग चांगली आहे," तो म्हणाला. शंभर मीटरमध्ये एक तुटकी तार पकडणारा माणूस. माझा सगळा फाटका तागा त्याच्या डोळ्यांखालून सरकत गेला आणि त्यानं कुठेही बोट ठेवलं नाही. नदीला पाणी आहे का ते विचारलं. रविवारी फोन किती वाजता येतो ते विचारलं. मग समोरच्या खांबाकडे बघत हळूच म्हणाला, "आता तरी सांगते का तुला? मत कोणाला द्यायची ते?"

काय सांगणार? दहा चिन्हं माझ्या तोंडाशी होती, कुठलंही चाललं असतं. मी म्हटलं, "मी विचारलं होतं तिला. म्हणाली, तुम्ही सांगितलं तेच."

साडूनं डोळे बारीक केले. मग त्याचे खांदे हलायला लागले. जिजी गेल्यापासून पहिल्यांदाच तो हसत होता.

"खोटं बोलस ती," तो म्हणाला. "अजून बी खोटं बोलस."

हसता हसता तो नेहमीसारखा माझ्या मागे बघत होता. मीही वळून बघितलं.