शाहूवाडीला गेलेले पत्रे

आबांनी उभा जन्म लोकांच्या घरांवर सिमेंटचे पत्रे बसवले. करवतीनं कापायचा, भुकटी फुंकरीनं उडवायची, की पुढचा पत्रा. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरावरचेही त्यांच्याच हातचे. गेल्या वर्षी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, छातीत तीच भुकटी बसली आहे, आता उपाय नाही. आबांना आम्ही सांगितलं, दमा आहे. आमच्याकडं मोठं दुखणं आजारी माणसापासून लपवतात आणि त्यालाच माया म्हणतात.

मग मी वाचत सुटलो. या पत्र्यांतलं अ‍ॅस्बेस्टॉस आपल्याकडं खणायचे परवाने बंद, पण बाहेरून मागवायला मोकळीक! अशा घातक मालाच्या व्यापारावर परदेशात देशांची बैठक भरते. मागणी काय, तर बंदीसुद्धा नाही. विकणाऱ्यानं घेणाऱ्याला धोका आधी सांगावा, एवढंच. त्यालाही चार-दोन देश आडवे येतात, कधी आपलाही, आणि एकमत नाही म्हणून गाडं तिथंच. माझं डोकंच फिरलं. सांगायला काय जीभ झिजते यांची?

उकाड्याचं निमित्त करून मी पत्रे उतरवले. नेमकी शाहूवाडीला दिलेली धाकटी बहीण त्याच दिवशी आबांना भेटायला आली.

"आबा, ही पत्रं मला द्या की गोठ्याला."

"ने की! माझ्या हातची हाईत. अजून वीस वर्सं काय हुत न्हाय."

शहरातल्या घरातून निघालेलं सामान गावाकडच्या लेकीला जातं, ही रीतच. मी म्हणालो, जुने झालेत, नको.

"तुला काय जड झालं रं?" आबा खोकत खोकत ओरडले.

कारण सांगावं, तर आबांना त्यांचं मरण सांगावं लागणार. बहिणीला मागाहून फोनवर सांगावं, तर तिच्या पोटात काही राहत नाही. रडत आबांपुढं उभी राहिली असती. टेम्पो भरला. मीच पत्रे उचलून दिले. लिहायलाही लाज वाटते.

परवा तिचा फोन आला. आज सांगायचंच, असं ठरवून उचलला.

"दादा, गोठा झाला. पत्रं जरा लांब हुती, आमीच कापून बसवली. आता पोरांच्या खोलीला दोन कमी पडल्यात. तुमच्या गल्लीत कोण काढणार हाय काय बघ की."

पलीकडच्या खोलीत आबा जागे होते.

"बघतो," मी म्हणालो.