डिसेंबरच्या खंडातली चिठ्ठी

गोंदियात बसून मी वनहक्काच्या दाव्यांचे कागद जमवते. कायदा केंद्राचा, तो आणि त्याचे नियम मोबाइलवर मिळतात. गाडी अडते ती जुन्या राजपत्रापाशी. सालेकशाकडच्या एका मावशीचा दावा फेटाळला गेला, कारण तीन पिढ्यांच्या वहितीचा पुरावा नव्हता. जंगल राखीव करताना निघालेल्या अधिसूचनेत गावाची शेतं असणार, हा माझा अंदाज. मावशीच्या घरच्या जुन्या नकाशाच्या कोपऱ्यात तिची तारीख होती, डिसेंबरअखेरची. अपिलाला अकरा दिवस उरले होते. राजपत्राचे बांधीव खंड नागपूरच्या एका ग्रंथालयात आहेत. सकाळच्या गाडीनं गेले.

खंड इंग्रजीत. त्या वर्षाचा उघडला, तर प्रत्येक पानाच्या डाव्या कोपऱ्यात, खाली, पेन्सिलीची बारीक खूण. नेमणुका, बदल्या, लिलाव, कशाशी संबंध नसलेल्या पानांवरसुद्धा. मी पान उलटायची आणि माझ्या आधी कोणीतरी ते उलटून गेलेलं असायचं. एकदा मागे वळून पाहिलं. पंखा फिरत होता, दुसरं कोणी नव्हतं.

शेवटच्या पानावरही खूण होती आणि तिथंच ग्रंथालयाची मागणी-चिठ्ठी. तिच्यावर मावशीच्या नवऱ्याचं नाव. तो वारून सहा वर्षं झाली होती. मागच्या बाजूला गावाचं नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत सात-आठ वेळा गिरवलेलं. इंग्रजी त्याला येत नव्हतं. नावाचा आकार डोळ्यांत धरून तो पानापानावर तोच आकार शोधत होता.

अधिसूचना निघाली की त्याच दिवशी छापून येते असं नाही. डिसेंबरअखेरची जानेवारीत येते, म्हणजे पुढच्या खंडात. हे मला सवयीनं माहीत. पुढचा खंड मागवला. चौदाव्या पानावर गाव सापडलं, शेतांसकट. या खंडात पेन्सिलीची एकही खूण नव्हती.

मावशी अंगणात मोहफुलं वाळत घालत होती.

"भेटला का वो कागद, बाई?"

"भेटला. तुमचे मालकही जाऊन आले होते तिथं." मी खुणांचं आणि चिठ्ठीचं सांगितलं.

तिचा हात थांबला. "चार-पाच डाव गेला. म्हणे, पुरा बुक पाहलो, नाही भेटला. मी म्हणलं, बुक कायले पाहतेस, नागपूर फिरून येऊन राहिला तू." मग म्हणाली, "त्याले काऊन नाही दिसला?"

"पुढच्या बुकात होता."

"किती पुढच्या?"

खोटं बोलता आलं असतं. "लागूनच्या," मी म्हटलं.

तिनं पसरलेलीच फुलं पुन्हा पसरली. "चिठ्ठी आणली?"

"ती ग्रंथालयाची आहे."

"नाव तं त्याचं आहे ना?"

अपील मुदतीत गेलं. दावा मान्य झाला.

पुढे दुसऱ्या कामासाठी नागपूरला गेले, तेव्हा ते दोन्ही खंड मागवले. गरज नव्हती. चिठ्ठी जागेवरच होती, शेवटच्या पानात. ती काढली, पुढच्या खंडात चौदाव्या पानावर ठेवली आणि दोन्ही खंड परत केले.