कापड पांढरं राहीपर्यंत

कॉलनीत त्यांना सगळे इंडिकेटरकाका म्हणत. वळण अजून नजरेच्या टप्प्यातही नसायचं, तेव्हाच त्यांच्या गाडीचा दिवा डोळे मिचकावू लागायचा. मागची मंडळी आशेने वेग कमी करत, बराच वेळ रखडत आणि मग कंटाळून पुढे निघून जात. काका समाधानी असत. नियम तो नियम. उभी नोकरी वजनमापं तपासण्यात गेलेली. दुकानदाराच्या तराजूच्या पारड्यावरून पांढरं फडकं फिरवायचं आणि त्यावर डाग उमटला की पारडं पुन्हा पुसायला लावायचं, ही त्यांची पद्धत. कापड पांढरं राहीपर्यंत दुकानदाराची सुटका नसे.

गाडीचंही निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं. इंजिन ठणठणीत होतं, दुखणं होतं ते आतल्या बटणांचं. एके काळी बटणांवर आणि दाराच्या मुठीवर मऊ रबराचा थर होता. गाडी घेतली तेव्हा काकांनी तो येणाऱ्याजाणाऱ्याला हात लावून बघायला लावला होता. आता तो पाघळला होता. बोट लावलं की पाकात बुडवल्यासारखं चिकटायचं आणि काळं होऊन परत यायचं.

एके दिवशी काकूंची नवी, मोतिया रंगाची पर्स त्या मुठीला टेकली. सोडवली तेव्हा तिच्यावर काळा पट्टा उमटला होता. काकूंनी घरी येऊन पर्स धुतली, वाळत घातली आणि शांतपणे म्हणाल्या, "यापुढे मी त्या गाडीत बसणार नाही."

"अगं, जुनी झाली की माणसंसुद्धा थोडी चिकट होतात."

"माणसाशेजारी बसणं भाग आहे. गाडीचं तसं नाही."

रविवारी काकूंच्या धाकट्या बहिणीकडे जेवायला जायचं होतं. काकूंनी भाड्याची गाडी सांगायचं ठरवलं. म्हणजे साडूंच्या दारात बायको एका गाडीतून उतरणार आणि नवरा दुसऱ्या. साडूंची गाडी नवीकोरी, तिला बटणंच नव्हती, नुसती काच. साडू काही बोलले नसते, फक्त हसले असते. काकांना ते हसू आत्तापासूनच दिसत होतं. आणि शेजारची ती रिकामी जागा घेऊन एवढा रस्ता कापायचा, हे त्याहून जड होतं. पण ते काही त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

कॉलनीत सल्ल्यांना तोटा नव्हता. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी टूथपेस्ट सुचवली. समोरच्या निवृत्त मास्तरांनी पावडर लावायला सांगितली, कारण त्यांची मान घामाने चिकटते तेव्हा ते पावडरच लावतात. काकांनी दोन्ही उपाय केले. बटणं चिकट राहिलीच, वर पांढरी झाली आणि गाडीला दवाखान्याचा वास येऊ लागला.

शेवटी औषधांच्या दुकानदाराने स्पिरिटची बाटली दिली. "हलक्या हाताने पुसा, काका. थर निघाला की थांबा. जास्त चोळलंत तर बटणांवरची चित्रं जातील."

शनिवारी सकाळी काका पांढरं फडकं घेऊन गाडीत बसले. पहिल्याच हाताला फडकं काळंकुट्ट झालं. दुसऱ्याला थोडं कमी. थर कधीच निघाला होता, बोट सुळकन घसरत होतं. पण फडक्यावर अजून एक पुसट करडी छटा उमटत होती आणि ती पाहिल्यावर थांबणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दुकानदारांना एवढं छळल्यावर स्वतःला सूट कशी द्यायची? त्यांनी मान खाली घालून चोळलं. कापड पांढरं राहिलं तेव्हाच त्यांनी मान वर केली.

रविवारी काकूंनी दाराच्या मुठीवरून बोट फिरवलं, बोट निरखलं आणि मुकाट्याने आत बसल्या. काकांना वाटलं, जिंकलो. मग काकूंनी समोर पाहिलं. गुळगुळीत काळ्या बटणांची रांग होती, कशावरही काही नव्हतं.

"चित्रं कुठे गेली?"

"चित्रं लागतात नवशिक्यांना. गाडी कोणाची आहे?"

"तुमची," काकू म्हणाल्या आणि पर्सवर हाताची घडी घालून बसल्या.

खरी गोम अशी की काका गाडी चालवत, पण ही बटणं त्यांनी कधी दाबलीच नव्हती. ते नुसतं म्हणत, "जरा गार कर," आणि गार व्हायचं. आज ते "जरा गार कर" म्हणाले आणि काहीच झालं नाही. पर्स जागची हलली नाही.

काकांनी अंदाजाने एक बटण दाबलं. रेडिओ खरखरत किंचाळला. तो बंद करायला दुसरं दाबलं, तर गरम वारा पायांवर आला. तिसऱ्याने काहीच झालं नाही असं वाटलं, पण गाडीचे पुढचेमागचे सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागले होते. मागून आलेला स्कूटरवाला शेजारी येऊन हळू झाला.

"काका, आज दोन्हीकडे वळताय का?"

काकांनी गाडी कडेला घेतली. घाम गळत होता, रेडिओ ओरडत होता.

"अगं, गार करायचं कुठलं?"

"गाडी तुमची."

"चालवायला माझी आहे."

"आणि बटणं?"

काकांनी समोरच्या काचेकडे बघत घसा साफ केला. "बटणं मला येत नाहीत."

काकूंनी न बघता हात पुढे केला. रेडिओ गप्प झाला, दिवे थांबले, गार वारा आला. "एवढी वर्षं एकेका बटणाला चिकटलीयत ही बोटं," त्या म्हणाल्या. "पाठ होतील नाही तर काय?"

मग त्यांनी पर्समधून लाल नेलपॉलिशची बाटली काढली आणि गार वाऱ्याच्या बटणावर एक ठिपका ठेवला, दिव्यांच्या बटणावर दोन. "आता तुमचं तुम्हाला दिसेल. वाळेपर्यंत हात लावू नका."

काकांनी ठिपके बारकाईने पाहिले. पहिला जरा तिरका होता. नीट सुकलाय की नाही हे तपासायला त्यांनी त्यावर बोट टेकवलं. बोट चिकटलं.

काकूंनी त्या लाल बोटाकडे पाहिलं, मग पर्स उचलून मांडीच्या पलीकडच्या बाजूला ठेवली.

"चला आता," त्या म्हणाल्या. "आणि वळायचंय अजून लांब. तो दिवा इतक्यात लावू नका."